पोस्टडॉकला जर्मनी: व्हिसाच्या आधी गरम गाळून बघ

तुझा प्रश्न असा: शिवाजी विद्यापीठातली पीएच.डी. संपत आलीय, मॅग्नेटाइटवर (चुंबकाला ओढलं जाणारं लोहाचं ऑक्साइड) बसवलेलं पॅलेडियम वापरून सुझुकी कपलिंग (दोन रेणू कार्बन-कार्बन बंधाने जोडणारी रिॲक्शन) केलंयस, आता जर्मनीत पोस्टडॉक हवंय; व्हिसा आणि एपीएसचं (जर्मनीसाठी पदव्या तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचं) कसं करायचं? व्हिसाचं शेवटी सांगतो, ते सोपं आहे. गाडी अडते ती मुलाखतीत.

थिसिसमध्ये कॅटॅलिस्ट ५ वेळा वापरल्याचा तक्ता असणारच: ९५, ९५, ९४, ९३, ९२ टक्के. आपल्याकडे व्हायवाला (थिसिसच्या तोंडी परीक्षेला) त्यावर कुणी फारसं अडवत नाही. तिथे पहिला प्रश्न येईल, रिॲक्शन किती वेळात संपते? ती १ तासात संपत असेल आणि तू ६ तास ढवळली असशील, तर निम्मं पॅलेडियम वाहून गेलं तरी यिल्ड तेवढंच दिसणार. म्हणून वेळेचा आलेख काढ, साधारण ४० टक्के रूपांतर होतं ते मिनिट पकड आणि प्रत्येक सायकल तिथेच थांबवून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) मोज. इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी मोजून घातलेला पदार्थ) म्हणून डोडेकेन चालतं. यिल्ड नव्हे, वेग टिकला पाहिजे.

दुसरं, हॉट फिल्ट्रेशन. ३० टक्क्यांच्या आसपास मिश्रण तापलेलं असतानाच गाळ आणि गाळलेला द्रव त्याच तापमानाला, नवा बेस घालून पुढे चालव. रिॲक्शन चालूच राहिली तर काम विरघळलेलं पॅलेडियम करतंय. थंड करून गाळलंस तर विरघळलेलं पॅलेडियम पुन्हा मॅग्नेटाइटवर जाऊन बसतं आणि उत्तर खोटं चांगलं येतं. चुंबकाचंही तसंच: तो मॅग्नेटाइट ओढतो, विरघळलेला धातू नाही. गाळलेल्या द्रवाचं आयसीपी-एमएस (अगदी सूक्ष्म प्रमाणातला धातू मोजणारी चाचणी) कर.

तिसरं, कॅटॅलिस्टशिवाय कोरी रिॲक्शन, नव्या फ्लास्कात आणि नव्या मॅग्नेटिक बारने. जुन्या बारच्या टेफ्लॉनवर पॅलेडियम चिकटून राहतं. धातूशिवाय सुझुकी होते असा दावा २००३ मध्ये झाला होता. २००५ मध्ये त्याच गटाने दाखवलं की बाजारच्या सोडियम कार्बोनेटमध्येच सुमारे ५० पीपीबी (अब्जात ५० भाग) पॅलेडियम होतं. हा किस्सा तिथे सगळ्यांना पाठ असतो.

आता हाताचं काम. आपली बरीच कामं उघड्या हवेत, इथेनॉल-पाण्यात होतात, त्यामुळे श्लेंक लाइनचा (हवा-ओलाव्याशिवाय काम करायच्या व्हॅक्यूम-आर्गॉन नळ्यांचा) सराव कमी पडतो. जाण्याआधी जिथे लाइन असेल तिथे महिनाभर बस. काच १२० अंशांवर रात्रभर, मग व्हॅक्यूम-आर्गॉन ३ वेळा. कोल्हापूरच्या जुलैत ओव्हनमधून काढलेला फ्लास्क उघडा ठेवून गार केलास तर आतून पुन्हा ओला होतो. व्हॅक्यूमखालीच गार कर. टीएचएफ (हे सॉल्व्हंट) सोडियम-बेन्झोफेनोनवर गडद निळं झाल्याशिवाय घेऊ नकोस. फॉस्फीन बिघडलंय का ते फॉस्फरस एनएमआरवर दोन मिनिटांत कळतं: ट्रायफेनिलफॉस्फीन उणे ५ पीपीएमला, त्याचं ऑक्साइड २९च्या आसपास.

लिक्विड नायट्रोजनचा ट्रॅप (पंपाआधी वाफा गोठवून अडवणारी नळी) मात्र हलक्यात घेऊ नकोस. नायट्रोजन उणे १९६ला उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ला, म्हणजे लाइन गळत असेल तर हवेतला ऑक्सिजन ट्रॅपमध्ये द्रव होऊन साठतो. त्यात सॉल्व्हंट मिसळलं की स्फोटक. फिकट निळा द्रव दिसला तर पंप चालू ठेव, ड्यूअर (नायट्रोजनचा थर्मॉस) काढू नकोस, हूडची काच खाली ओढ आणि सगळ्यांना बाहेर काढ.

कागदपत्रं. एपीएस शिकायला जाणाऱ्यांसाठी. तू कामाला चाललायस. तुला संस्थेकडून यजमान करार किंवा नोकरीचा करार हवा, त्यावर संशोधकाचा व्हिसा होतो. अनाबिनवर (परदेशी विद्यापीठांची जर्मन यादी) विद्यापीठासमोर एच-प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का बघून ते पान छापून घे. हुम्बोल्ट फेलोशिपला अर्जाआधी यजमान प्राध्यापकांची संमती लागते, म्हणून ईमेल लवकर कर: एक पान, वरच्या ३ कंट्रोलचे (वेग, गरम गाळणं, कोरी रिॲक्शन) निकाल, बस. ‘आदरणीय सर’ने भरलेले तीन परिच्छेद नकोत. घर मिळालं की २ आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. घर ठरवतानाच ते देणार का विचार.

निघताना एनएमआरचे पीडीएफ नको, मूळ एफआयडी (यंत्राच्या कच्च्या सिग्नलच्या) फाइल्स घे, गाईडना विचारून. कंपाउंडच्या कुप्या बॅगेत मुळीच नाही.