किनारपट्टीवर वापरायचा घडीचा चाकू निवडताना

आपण पहिलाच घडीचा चाकू घेत आहात, म्हणून आवर्जून सांगतो की कोकणात राहणाऱ्याने धारेच्या आधी गंजाचा विचार करावा. हाय कार्बन पोलादाचे पाते दगडावर चटकन धार धरते हे खरे. परंतु खाऱ्या दमट हवेत, त्यातही कैरी किंवा कोकम कापून ते न पुसताच मिटले, तर सकाळपर्यंत त्यावर काळपट डाग उमटतात. माझ्या पहिल्या चाकूचे पाते एकाच पावसाळ्यात खिळीपाशी, म्हणजे पाते ज्या पिनेवर फिरते तिथे, गंजून खड्डे पडले, याची हळहळ मला आजही वाटते. त्यामुळे १३ टक्के किंवा अधिक क्रोमियम असलेले स्टेनलेस पातेच घ्यावे.

लाकडी मूठ देखणी असते, मात्र आषाढात ती फुगून पाते उघडेनासे होते. नायलॉनची मूठ बरी. सुंभ किंवा आंब्याच्या पेटीची सुतळी कापताना पाते बोटांवर मिटू नये, यासाठी लॉक घट्ट बसतो का, हे दुकानातच पाहावे. सात-आठ सेंटिमीटरचे पाते पुरते. विमानप्रवासात चाकू हातातल्या सामानात ठेवू नये.

समुद्रावरून आल्यावर चाकू गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करावा आणि खिळीत मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल तेल कालांतराने चिकट होते.