जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या गिअरबॉक्समधून तेल गळतंय, बॉक्स उघडावाच लागेल का?

लगेच नको. आधी ते तेल नक्की गिअरबॉक्सचंच आहे का ते बघा. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाका आणि सकाळी डाग बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. काळं, पातळ आणि त्या उग्र वासाशिवायचं असेल तर ते इंजिनाचं, म्हणजे दुखणं वेगळं.

डाग मागे, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी असेल तर मागचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय. शाफ्ट काढून बॉक्स न उतरवताच ते बदलता येतं. सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, सीलच्या ओठाला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेला, थोडं तेल. मात्र शाफ्टवर सील टेकतं तिथे नख फिरवून बघा. खाच लागली तर नवं सीलही गळणार. पुढे क्लचच्या बाजूला गळत असेल तर बॉक्स उतरवावाच लागतो, मग क्लच प्लेटही बघून घ्या.

ब्रीदर, म्हणजे बॉक्समधली हवा बाहेर सोडणारं छिद्र, चोंदला तरी तेल बाहेर ढकललं जातं. हे फुकटचं काम, तेव्हा आधी तेच साफ करा.

भरताना ९० नंबरचं, जीएल-४ दर्जाचं तेल घ्या. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर न खडखडता पडावा म्हणून बॉक्समध्ये असतात त्या) खातात.