खालच्या शिरा फुगल्यात, सांगायचं कुणाला?

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडं राहते, वय २७, दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सहावा महिना चालूय. घरी विड्या वळते. पंधरा दिवस झाले, खाली लघवीच्या जागेच्या डाव्या बाजूला सूज आल्यासारखं झालंय, हात लावला की मऊ मऊ गाठी लागतात. सकाळी कमी असतं, संध्याकाळी असं जड होतं की काहीतरी खाली पडायलंय असं वाटतं. आरसा धरून बघितलं तर निळंजांभळं दिसलं, लई घाबरले. सासूबाई म्हणल्या उष्णता झाली, सब्जा पी. शेजारची म्हणली इन्फेक्शन आहे, तिनं मेडिकलमधून ट्यूब आणून दिली, चार दिवस लावली तर उलट आगच व्हायली. दवाखान्यात दर महिन्याला जाते पण तिथं एवढी गर्दी, मॅडमनी विचारलं काही त्रास आहे का, मी नाही म्हणले. हे काय असंल? बाळाला काही होईल का?

उत्तर : अगं, बाळाला यानं काही होत नाही, हे पहिलं ऐक आणि मग पुढचं वाच. तू जे लिहिलंयस, दुसरी खेप, सहावा महिना, डावी बाजू, सकाळी कमी संध्याकाळी जास्त, मऊ निळसर गाठी, त्यावरून या फुगलेल्या शिरा असाव्यात असंच वाटतंय. पायावर निळ्या शिरा फुगतात ना, व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्या, तशाच योनीच्या बाहेरच्या ओठांवर फुगतात. गरोदरपणात शंभरातल्या ४ ते १० बायकांना हे होतं असं मानतात, पण खरा आकडा जास्तच असणार कारण निम्म्या जणी तुझ्यासारखंच "काही त्रास नाही" म्हणून पिशवी उचलून घरी जातात. पत्र वाचून मी पक्कं सांगू शकत नाही हं, बघावंच लागतं. तिथं दुसऱ्याही गाठी येतात, हर्निया असतो, ग्रंथीत पू होतो. म्हणून पुढच्या तपासणीला नाही, याच आठवड्यात जाऊन दाखव. गर्दीत बोलायला नको वाटत असेल तर चिठ्ठीवर लिही, "खाली शिरा फुगल्यात, बघायच्या आहेत", आणि केसपेपरसोबत नर्सताईंच्या हातात दे. माझ्याकडं बायका अशा चिठ्ठ्या देतात, मला त्याचं काहीच वाटत नाही. बहुतेक वेळा उभं करून नुसतं बघितलं तरी कळतं, शंका असली तर डॉपलर सोनोग्राफी करतात, त्यात शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दिसतं.

आता हे होतं कशानं. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. त्यात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन शिरांच्या भिंती सैल करतं, आणि वरून वाढलेली गर्भाची पिशवी पोटातल्या मोठ्या शिरेवर बसते. खालून वर जाणाऱ्या रक्ताची वाट अडली की ते मागं तुंबणारच. विहिरीवरच्या मोटरीला खाली फूटव्हॉल असतो बघ, तो गळायला लागला की चढलेलं पाणी परत विहिरीत येतं. पायातल्या शिरांना अशा झडपा असतात, ओटीपोटातल्या शिरांना मात्र फार कमी, म्हणून तिथं रक्त लवकर साठतं. डाव्या बाजूलाच जास्त का, तर डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी आडवी जाते आणि ती शीर आधीच जरा दाबलेली असते. म्हणजे यात उष्णतेचा काही संबंध नाही. सब्जा प्यायला माझी हरकत नाही, सोलापूरच्या उन्हात कुणी थंड पाजत असेल तर पिऊन घ्यावं, पण त्यानं शिरा उतरणार नाहीत.

ती ट्यूब मात्र आजच बंद कर. मेडिकलमधून "खाजेची" म्हणून जी मलमं देतात त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, नाजूक जागेची कातडी त्यानं पातळ होते. इन्फेक्शन असतं तर दह्यासारखं पांढरं जातं, वास येतो, लघवी करताना आग होते. तसं असेल तर वेगळं औषध आहे पण ते तपासून.

आता तुझं काम. विड्या वळायला तू मांडीवर सूप घेऊन पालथी मांडी घालून किती तास बसतेस ते तू लिहिलं नाहीस पण मला माहितीय, हजार विड्या म्हणजे दिवस जातो. एवढा वेळ मांडी घालून बसलं की जांघेत शिरा दुमडतात आणि पोटाचा भारही तिथंच. काम सोड असं मी म्हणणार नाही, घरात पैसे कशातून येतात ते मलाही कळतं. पण बसायची पद्धत बदल. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून, ढुंगणाखाली चादरीची घडी घालून बस, सूप मांडीवर घ्यायचं ते बाजूला पाटावर किंवा उलट्या डब्यावर ठेव. दर अर्ध्या तासानं उठ, घरातल्या घरात चार फेऱ्या मार, परत बस. सुरुवातीला वेग कमी पडेल, पडू दे. आणि विषय निघालाच आहे तर सांगते, तंबाखूचा धुरळा आणि हाताला लागलेली तंबाखू गरोदर बाईला चांगली नाही, जेवायच्या आधी साबणानं हात धू, झोपायच्या खोलीत तंबाखू ठेवू नको, आणि जमलं तर या तीन महिन्यांत काम निम्मं कर.

दिवसातून दोन-तीनदा वीस मिनिटं डाव्या कुशीवर आडवी हो. पोटातली मोठी शीर मणक्याच्या उजव्या अंगाला असते, डावीकडं वळलं की पिशवीचा भार तिच्यावरून सरकतो. कुशीवर असतानाच कमरेखाली एक उशी आणि दोन पायांच्या मध्ये एक उशी घे, म्हणजे खालचा भाग जरा वर राहतो. रात्रीही तसंच झोप. झोपेत उताणी झालीस तर घाबरून उठून बसू नको, परत कूस बदल, झालं. पाय भिंतीला लावून उताणं पडायचा सल्ला बऱ्याच जणी देतात, पण सहाव्या महिन्यानंतर सरळ पाठीवर फार वेळ नको, चक्कर येते.

जास्त ठणकलं की थंड शेक घे. आपल्या सोलापुरी टॉवेलात बर्फाचे तुकडे गुंडाळ, जाडजूड विणीचा असतो म्हणून चटका बसत नाही, आणि चड्डीच्या वरून दहा-पंधरा मिनिटं धर. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. गरम पाण्याचा शेक, गरम पाण्याच्या टबात बसणं, हे अजिबात नको, गरमीनं शिरा अजून फुगतात. शेजारची एखादी "तेल लावून चोळ" म्हणेल, तेही नको.

आधार द्यायची सोपी युक्ती म्हणजे सुती, अंगाला घट्ट बसणारी चड्डी आणि आत जाडसर पॅड, म्हणजे त्या जागेला खालून दाब राहतो. दाब म्हणजे नुसता आधार वाटला पाहिजे, काचलं किंवा दुखलं तर जास्त झालं. गरोदर बायकांचे पट्टे सर्जिकलच्या दुकानात मिळतात, काहींना मांड्यांमधून जाणारा व्ही आकाराचा पट्टा असतो, तो खास यासाठीच. घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना दाखवून मापाचा घे. सकाळी उठल्या उठल्या, सूज कमी असताना घालायचा, रात्री काढायचा. पायाच्या शिरा पण फुगल्या असतील तर घट्ट मोजे चालतात, पण नुसत्या मोज्यांनी खालच्या जागेला आधार मिळत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

पोट साफ राहणं याला फार महत्त्व आहे, कारण कुंथलं की सगळा जोर तिथंच येतो. लोहाच्या गोळीनं खडा होतो, शी काळी होते, म्हणून बायका गोळीच बंद करतात आणि हिमोग्लोबिन घसरतं. गोळी चालू ठेव. ज्वारीची भाकरी आपल्याकडं आहेच, ती सोडून मैद्याच्या पावावर जाऊ नको, पालेभाजी, काकडी, पेरू खा, पाणी भरपूर पी, उन्हाळ्यात तर अडीच-तीन लिटर. शेंगाची चटणी खा की, कोण नाही म्हणतंय, पण नुसत्या चटणी-भाकरीवर दोन्ही वेळ काढू नको. तरीही त्रास असेल तर रात्री इसबगोल घे पाण्यातून, डॉक्टरांना सांगून. संडासात पंधरा मिनिटं उकिडवं बसून राहायचं नाही, नाही झालं तर उठायचं.

आणि नळाला पाणी येतं त्या दिवशीचं काय करतेस? आपल्याकडं पाणी रोज येत नाही, म्हणजे त्या दिवशी घरात लढाईच. भरलेली घागर तू उचलायची नाही. हे नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखव. पाइप लावून भरता येत असेल तर भर, नाहीतर लहान तांब्या-बादलीनं, आणि उचलायचं काम दुसऱ्यानं करायचं. सकाळी ऊन चढायच्या आत वीस-पंचवीस मिनिटं चाल, कंबर तलाव जवळ असेल तर तिथं, नाहीतर गल्लीतच. चालताना पोटऱ्या आवळतात सुटतात, त्यानंच रक्त वर ढकललं जातं. तासन् तास उभं राहणं वाईट, चालणं चांगलं.

दुखणं कमी करायला मनानं गोळी घेऊ नको. ब्रुफेनसारख्या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः पाच महिन्यांनंतर, बाळाला चांगल्या नाहीत. पॅरासिटामॉल चालते पण किती आणि कधी ते डॉक्टर सांगतील.

आणि लगेच जायचं कधी, तर एखादी गाठ अचानक कडक, लाल, गरम झाली आणि हात लावू देईना, ताप आला, किंवा एकच पाय सुजून पोटरी दुखायला लागली. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. सोबत दम लागला, छातीत दुखलं तर १०८ ला फोन कर, सकाळची वाट बघायची नाही. शिरेतून रक्त आलं तर आडवी हो, कमरेखाली उशी घे, स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धर आणि दवाखान्यात जा. असं क्वचित होतं, पण माहीत असलेलं बरं.

प्रश्न : मला आठवा महिना आहे, खाली शिरा फुगल्यात. जाऊबाई म्हणतात नॉर्मल झाली तर शिरा फुटून रक्त थांबणार नाही, सिझरच करून घे. घरात सगळे आता तेच म्हणायलेत.

उत्तर : जाऊबाईंना भीती वाटती ती काळजीपोटी, पण ती खरी नाही. नुसत्या या शिरांसाठी सिझर करत नाहीत. बाळाचं डोकं खाली येतं तेव्हा शिरा दाबल्या जाऊन बऱ्याचदा चपट्याच होतात, आणि फुटलीच तरी शिरेतल्या रक्ताला धमनीसारखा जोर नसतो, दाबून, टाका घालून थांबतं. बाळंतपण करणाऱ्यांना आधी माहीत हवं एवढंच, म्हणजे छेद घ्यायची वेळ आली तर ते शिरांची बाजू टाळतात. माहेरी जाणार असशील तर फाइलवर हे लिहून घे, कारण तिथले डॉक्टर तुला पहिल्यांदाच बघणार आणि कळा चालू झाल्यावर तुला सांगायचं सुचणार नाही. सिझर करायचं दुसरं कारण असेल, बाळ आडवं असेल, बीपी असेल, तर तो वेगळा विषय.

प्रश्न : (एका नवऱ्याचा मेसेज) बायकोला असाच त्रास आहे. जवळ गेलं की दुखतं म्हणते. मी काय करू?

उत्तर : थांबा, दादा. संबंधानं बाळाला सहसा धोका नाही, पण त्या वेळी तिथल्या शिरांत रक्त जास्त भरतं आणि नंतर ठणकतं. तिला बरं वाटेल तेव्हा, तिच्या कलानं, नाहीतर बाळंतपणानंतर. तोपर्यंत घागरी तुम्ही उचला. आणि विचारलंत ते चांगलं केलंत, या पानावर नवऱ्यांचे मेसेज वर्षातून दोन-तीनच येतात.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं झालं, शिरा अजून आहेत. उभं राहिलं की ओटीपोटात दुखतं.

उत्तर : बहुतेकींच्या शिरा बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत उतरतात, मागं काही राहत नाही. चार महिने झाले, वरून ओटीपोटही दुखतंय, म्हणजे आतल्या शिरांमध्ये रक्त साठत असेल. शिरांच्या डॉक्टरांना दाखव, ते डॉपलर करतील. इंजेक्शन देऊन फुगलेली शीर बंद करतात किंवा बारीक नळी घालून आतली शीर बंद करतात, गरोदरपणात हे सहसा करत नाहीत पण आता करता येतं. अंगावर पाजत असशील तर आधी सांग. पुढच्या खेपेला या शिरा परत येऊ शकतात, तेव्हा दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला सांगायचं, सहावा महिना लागायची वाट बघायची नाही.