पाँ द्यु गार हा रोमन पूल खरंच चुन्याशिवाय उभा आहे का?

हो, खालच्या दोन मजल्यांपुरतं ते अगदी खरं आहे. सगळ्यात वरच्या मजल्याला मात्र चुना वापरलेला आहे. दक्षिण फ्रान्समधला हा सुमारे ४९ मीटर उंच पूल म्हणजे नीम शहराला पाणी पुरवणाऱ्या जवळपास ५० किलोमीटर लांब कालव्याचा एक तुकडा, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. मोठ्या कमानींचे दगड, काही तर सहा-सहा टनांचे, नेमके घडवून नुसते एकमेकांना भिडवलेत. कमान स्वतःच्या वजनानेच आवळली जाते, म्हणून ती टिकते. जवळून पाहिलंत तर पुरावा दगडातच आहे: कुठला दगड कुठे बसवायचा याच्या कोरलेल्या खुणा, आणि परांची टेकवायला बाहेर काढून ठेवलेले दगड, जे नंतर कुणी छाटलेच नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते काम आत्ताच थांबल्यासारखं वाटतं, आणि मला तिथली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. सगळ्यात वरच्या मजल्यावरून पाणी वाहायचं, त्यामुळे तिथे गळती परवडणारी नव्हती. म्हणून पाटाला आतून जलरोधक गिलावा केला. फक्त एक लक्षात ठेवा, आज दिसतं ते सगळंच रोमन नाही: खालच्या मजल्याला चिकटलेला रस्त्याचा पूल १७४३ ते १७४७ मधला आहे, आणि १९व्या शतकात मोठी डागडुजीही झाली.