‘कॅन’ला ‘एस’ का लागत नाही?

प्रश्न तीन आहेत. ‘ही स्पीक्स’ला एस लागतो, मग ‘ही कॅन स्पीक’मध्ये तो ना ‘कॅन’ला ना ‘स्पीक’ला, असं का? ‘मस्ट’चा भूतकाळ काय? आणि ‘माझं हे पुस्तक’ याचं ‘माय धिस बुक’ का होत नाही?

‘स्पीक’चं आधी उरकू. ‘बोलू शकतो’मधल्या ‘बोलू’ला पुरुष-वचनाचा प्रत्यय लागत नाही, तसाच ‘कॅन’नंतरच्या ‘स्पीक’लाही नाही. ‘ही कॅन स्पीक्स’ म्हणणं म्हणजे ‘तो बोलतो शकतो’ म्हणणं. ‘मस्ट टू गो’ आणि ‘कॅन एबल टू’ हीसुद्धा त्याच टोपलीतली. कानावर इतक्यांदा येतात की आता बरोबर वाटू लागली आहेत.

‘कॅन’ची गोष्ट मात्र फार सुंदर आहे, आणि आपल्याकडची व्याकरणाची पुस्तकं ती ‘अपवाद आहे, पाठ करा’ या चार शब्दांत मारून टाकतात. अपवाद कसला? ‘कॅन’ हे घडणीने भूतकाळाचं रूप आहे, आणि इंग्रजीत भूतकाळाला एस कधीच लागत नाही. ‘ही वेंट’ म्हणतात, ‘ही वेंट्स’ नाही.

रूप भूतकाळाचं आणि अर्थ वर्तमानाचा, हे मराठी माणसाला तरी अवघड वाटायला नको. ‘भूक लागली’ म्हणतो तेव्हा भूक आत्ता असते. ‘दमलो’, ‘कळलं’, ‘पटलं’ हेही तसेच. क्रिया होऊन गेली, तिचा परिणाम आत्ता हजर आहे. ‘कॅन’चा धातू आपल्या ‘ज्ञा’चा, म्हणजे ‘जाणणे’चा सख्खा भाऊ. जाणून झालं, म्हणून आता येतं. ‘अनकूथ’चा मूळ अर्थ ‘अनोळखी’. त्यातला ‘कूथ’ म्हणजे याच धातूचं जुनं कृदंत.

आता पाणिनी. संस्कृतात ‘विद्’ धातूचा वर्तमानकाळ दोन प्रकारे चालतो: वेत्ति, वित्तः, विदन्ति, किंवा वेद, विदतुः, विदुः. दुसऱ्या प्रकारातले प्रत्यय लिट्चे, म्हणजे परोक्ष भूतकाळाचे, अर्थ मात्र ‘जाणतो’ असाच. पाणिनीने ‘विदो लटो वा’ (3.4.83) एवढ्यात ते सांगून टाकलं. आता ‘कॅन’च्याच घडणीचं ‘शॅल’ त्याच्या शेजारी ठेवून पाहा (‘दाऊ’ म्हणजे इंग्रजीतला जुना ‘तू’): अहं वेद, त्वं वेत्थ, स वेद; आय शॅल, दाऊ शॅल्ट, ही शॅल. पहिला आणि तिसरा पुरुष सारखा. ‘शॅल्ट’मधला ट आणि ‘वेत्थ’मधला थ एकाच प्रत्ययाची लेकरं. ‘स्पीकेथ’ या जुन्या रूपातला शेवटचा थ म्हणजे ‘वेत्ति’तला ति, पुढे त्याच्या जागी एस आला. ‘वेद’ला ति नाही, म्हणून ‘कॅन’ला एस नाही. ‘विद्’चा स्वतःचा इंग्रजी भाऊ ‘वॉट’, तोही असाच चालायचा. संस्कृत घेतलेल्या मुलांना हे दोन ओळींत फळ्यावर दाखवता येतं, तरी दाखवलं जात नाही, याचं वाईट वाटतं.

‘मे’ आणि ‘डेअर’ही याच घराण्यातले. ‘डेअर’ म्हणजे संस्कृत ‘धृष्’, ज्यातून ‘धृष्ट’ आणि आपला ‘धीट’. ‘ऑट’ हा ‘ओ’चा (देणं असणे) जुना भूतकाळ, मुळात ‘मालकी असणे’, आणि त्याचं संस्कृतातलं नातं ‘ईश्’शी. ‘विल’ला काही जण याच पंगतीत बसवतात. ते चूक आहे. ‘विल’ला एस नाही हे खरं, पण कारण वेगळं: ते इच्छार्थक रूप होतं, ‘वरणे’तल्या ‘वृ’चं नातेवाईक.

‘मस्ट’चा भूतकाळ विचारलात, तर तो स्वतःच भूतकाळ आहे, ‘मोट’ या मेलेल्या क्रियापदाचा. आपल्या ‘पाहिजे’चंही हेच झालं. ते ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप, ‘कीजे’, ‘बोलिजे’च्या जातीचं, गोठून गेलेलं, म्हणून भूतकाळासाठी त्याला ‘होतं’चा टेकू लागतो. ‘मस्ट’चा टेकू ‘हॅड टू’: ‘मला जावं लागलं’ म्हणजे ‘आय हॅड टू गो’. इथे हमखास होणारी चूक अशी, की ‘मला जायला पाहिजे होतं’ याचं ‘आय मस्ट हॅव गॉन’ करतात. त्याचा अर्थ होतो ‘मी गेलो असणार’. तिथे ‘शुड हॅव गॉन’ हवं. ‘मी येऊ शकेन’चं ‘आय विल कॅन कम’ही होत नाही, कारण ‘कॅन’ला मूळ रूपच उरलेलं नाही, ‘विल बी एबल टू कम’ म्हणावं लागतं.

आणि कृपा करून ‘कॅन म्हणजे शकणे’ हे समीकरण पुसा. अंगी असलेल्या कौशल्याला मराठीत ‘येणे’ आहे: मला पोहता येतं, तिला कानडी बोलता येतं. ‘मी पोहू शकतो’ हे पाय बरा झालेल्या माणसाने म्हणावं. ‘मी तुम्हाला कशी मदत करू शकतो?’ हे तर मराठी अक्षरांतलं इंग्रजीच. मराठी दुकानदार ‘काय देऊ?’ विचारतो.

‘माय धिस बुक’चं कारण सोपं. नामाआधी इंग्रजीत निर्देशकाची एकच खुर्ची असते. ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘माय’ यांपैकी एकानेच तिच्यावर बसायचं. दोघांना आणायचंच तर एकाला नामाच्या मागे पाठवतात: ‘धिस बुक ऑफ माइन’. खुर्चीच्या पुढे ‘ऑल’ किंवा ‘बोथ’ आणि मागे संख्या चालते, ‘ऑल माय फोर बुक्स’. मोजता येणारं एकवचनी नाम असेल तर खुर्ची रिकामी ठेवून चालत नाही. ‘आय बॉट बुक’ चुकतं ते त्यामुळे.

‘स्वराआधी अ चा अ‍ॅन होतो’ हा नियम मात्र उलटा शिकवला जातो. मूळ शब्द ‘अ‍ॅन’, तो ‘वन’चाच जुना उच्चार, व्यंजनाआधी त्याचा न गळला. ‘माइन’चा ‘माय’ तसाच झाला. या डळमळत्या न मुळे ‘अ नेप्रन’चा ‘अ‍ॅन एप्रन’ झाला, आणि उलट दिशेने ‘अ‍ॅन इकनेम’चं ‘अ निकनेम’. या यादीत ‘ऑरेंज’ही घुसडतात आणि नारिंगाचा न इंग्रजीने गिळला असं ठासून सांगतात. तो इंग्रजीत पोचलाच नव्हता. संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबीतून युरोपात गेला, स्पॅनिशने न ठेवला (‘नारान्हा’), इटालियन-फ्रेंचमध्ये तो गळला, आणि इंग्रजांनी शब्द फ्रेंचांकडून घेतला तेव्हा तो आधीच बिन-न चा होता.