शंका-समाधान : पेटीवर ऑक्टॅटॉनिक स्केल

प्रश्न : आमच्या एकांकिकेत शंकासुर वेद पळवून समुद्राच्या तळाशी जातो. तिथे ऑक्टॅटॉनिक (आठ स्वरांचं) स्केल वापरा असं एकाने सुचवलं. वाजवलं तर नुसता पलटा (सरावाची स्वरावली) घोटल्यासारखं वाटतं आणि सा हरवतो. काय करावं?
— एक पेटीवादक, कुडाळ

उत्तर : सुचवणाऱ्याचा कान तयार आहे. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या ‘साद्को’ (१८६७) या वाद्यवृंदरचनेत, म्हणजे समुद्रराजाच्या गोष्टीतच, हे स्केल येतं.

अर्धा स्वर, पूर्ण स्वर, पुन्हा अर्धा, अशी त्याची चढण. सफेद एकचा (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरला तर सा रे॒ ग॒ ग म॑ प ध नि॒ (खालची रेघ कोमल, वरची तीव्र). पट्ट्या : सफेद १, काळी १, काळी २, सफेद ३, काळी ३, सफेद ५, सफेद ६, काळी ५. शुद्ध मध्यम कुठेच नाही, आणि दोन्ही गंधार शेजारी. जोग रागात दोन्ही गंधार असतात, पण तिथे त्यांच्या जागा ठरलेल्या. इथे ते एकामागोमाग येतात आणि न सरावलेल्या कानाला चुकीची पट्टी दाबल्यासारखे वाटतात. म्हणून पहिल्यांदा ते ठासून, सावकाश वाजवा.

पलटा वाटतो, कारण आठही स्वर सरळ चढवले-उतरवले जातात. चारच स्वरांचा तुकडा घ्या : सा रे॒ ग॒ ग. तोच तीन-तीन पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या धरून) वर सरकवा : ग॒ ग म॑ प, मग म॑ प ध नि॒, मग ध नि॒ सां रें॒. शंकासुर खाली जातो, तेव्हा हेच उलट्या क्रमाने, प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या स्वरावर थांबत.

हाच तुकडा चार जागी जसाच्या तसा बसतो, म्हणूनच सा हरवतो. सा, ग॒, म॑, ध यांपैकी घर कुठलं ते कानाला कळत नाही. तळाशी जाताना हे हरवणं उपयोगीच आहे. पण नटाला पुढे पद उचलायचं असेल तर तंबोरा बंद करू नका. पद भैरवीत असेल तर काम सोपं, कारण सा रे॒ ग॒ प नि॒ हे पाच स्वर दोन्हीकडे आहेत. त्यांवर रेंगाळा, मग शुद्ध म आणि ध॒ दाखवा, की भैरवी उभी राहते. गायकाला मात्र हे स्केल गायला लावू नका. गळा सवयीने शुद्ध मध्यमावर जातो.

पूर्ण स्वराने सुरू होणारा प्रकार (सा रे ग॒ म म॑ ध॒ ध नि) घेतलात तर पंचमाचा तंबोरा खटकेल, त्यात पंचमच नाही. तंबोरा मध्यमावर लावा.

आणि पावसाळ्यात आपल्याकडे पट्ट्या फुगून अडकतात, ते आधी तपासा. काळी २ दबून राहिली आणि सफेद ३ वाजली, तर दोन गंधारांची नुसती किरकिर होईल.

प्रश्न : कीबोर्डवर याची बारा स्केलं पाठ करायची का? आणि कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) कुठले?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तीनच. सफेद १, काळी १ आणि सफेद २ पासूनची. काळी २ पासून सुरू केलंत तर सफेद १ चेच आठ स्वर परत येतात. त्या पहिल्या संचात सफेद १, काळी २, काळी ३ आणि सफेद ६ या चारही जागी मेजर कॉर्ड (सा ग प) लागतात, मायनरही (सा ग॒ प) लागतात. स्ट्राविन्स्की हे रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचे शिष्य. त्यांनी ‘पेत्रुश्का’ या बॅलेत (१९११) सफेद १ आणि काळी ३ चे मेजर एकावर एक ठेवले. कीबोर्डवर दोन हातांनी ते सहज होतं. हातपेटीवर सहा पट्ट्या एका हाताच्या पंजात मावत नाहीत, भात्याची हवाही पुरत नाही. तिथे एकापाठोपाठ एक वाजवा.