पासवर्ड वहीत लिहून ठेवले तर चालतात का?

वही घरच्या कपाटात राहणार असेल तर खुशाल लिहा. फक्त एटीएमचा पिन त्यात नको. ऑनलाइन चोर कपाट फोडायला येत नाही. तो एका साइटवरून फुटलेला पासवर्ड इतर ठिकाणी लावून बघतो, म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा हवा. ‘गणेश@१९९०’ छापाचे तर पहिल्या फटक्यात जातात. त्यापेक्षा ‘खलबत्ता-मुंगूस-पावती-तिकीट’ असे असंबद्ध शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा. (हाच उचलू नका म्हणजे झालं!)

खाती फार असतील तर बिटवॉर्डन हे पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप घ्या, फुकटात भागतं. ईमेलला मात्र टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा मंजुरी) लावाच, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांची ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक तिथेच येते. दर तीन महिन्यांनी बदलत बसायची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच तो आग्रह सोडला. फुटल्याचा संशय आला की लगेच बदला.